घर माणसांनी आणि सामानानं भरलेलं असताना कमी वस्तूंत, साधं राहायला सुरुवात कुठून करावी?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: पुण्यात वन बीएचके, घरात आई-वडील आणि आजी, तुमची नोकरी तशी नवी. मिनिमलिझमचे व्हिडिओ बघून दोन-तीनदा कपाट रिकामं केलंत आणि दर वेळी ते पुन्हा भरलं. आजी काही टाकू देत नाही. शिवाय एक जोडप्रश्न: एकाच रंगाचे सात-आठ शर्ट घेऊन टाकावेत का? शर्टांचं शेवटी बघू.

मी एका कॉलेजच्या कार्यालयात आवक-जावक बघते. आलेल्या प्रत्येक कागदाची नोंद, गेलेल्या प्रत्येकाची नोंद. या टेबलावर बसणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं की जावक कितीही दामटली तरी आवक सुरू असेल तोवर टेबल मोकळं होत नाही. तुमच्या कपाटाचं हेच झालंय. व्हिडिओवाले सगळे जावक शिकवतात, कारण कॅमेऱ्यात तीच चांगली दिसते. पलंगावर कपड्यांचा ढीग, मग काळ्या पिशव्या, मग पांढरी भिंत. न आणलेली वस्तू दाखवणार कशी? म्हणून माझा सल्ला असा की पहिले दोन-तीन महिने घरातली एकही वस्तू बाहेर काढू नका. दारातून आत काय काय येतंय तेवढंच बघा.

सगळ्यांत मोठं दार तुमच्या खिशात आहे. खरेदीच्या ॲपमध्ये सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका. दर वेळी सोळा आकडे घालायचे म्हटलं की बरीचशी खरेदी आळसातच विरून जाते. काही मिनिटांत घरपोच देणारं ॲप महिनाभर फोनमधून उडवा, कोपऱ्यावरचा वाणी कुठे पळून जात नाही. जाहिरातींचे मेसेज आणि फोन थांबवायला १९०९ वर इंग्रजीत 'स्टार्ट' लिहून, एक जागा सोडून शून्य, असा एसएमएस पाठवा. त्यानं बँकेचे ओटीपी अडत नाहीत, 'फक्त आजच' वाली भुणभुण मात्र कमी होते. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाचा एक कोपरा असतो, तोही उघडा. कधीकाळी एका वेबमालिकेसाठी घेतलेली, मग विसरलेली वर्गणी तिथे दर महिन्याला गुपचूप कापली जात असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं अशी रक्कम कापण्याच्या २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. ते कळवतातही. वाचतो कोण?

आमच्या फ्रिजवर एक पाठकोरा कागद लावलेला असतो. ज्याला जे हवं ते त्यानं तारखेसकट लिहायचं, आणि महिना उलटल्यावरही हवंच असेल तर आणायचं. मिक्सरचं भांडं, चपला, कुकरची रिंग या गोष्टी तिथे टिकत नाहीत, कारण त्या खरंच लागतात आणि लगेच येतात. एअर फ्रायर मात्र कागद बदलला तरी नव्या कागदावर उतरवून घेतला जातो, आणि लिहिणाऱ्यालाही आता त्याची फारशी आठवण राहिलेली नाही.

दुसरं दार म्हणजे देणंघेणं. व्हिडिओंमध्ये हे कधी येत नाही, कारण ते बनवणाऱ्यांकडे संक्रांतीचं हळदीकुंकू नसतं. आपल्या घरात निम्मं सामान कुणी विकत आणलेलंच नसतं, ते आलेलं असतं. आहेराच्या साड्या, टॉवेल-टोपी, सत्काराच्या शाली, वास्तुशांतीची भिंतीवरची घड्याळं, संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत जमलेल्या वाणाच्या प्लास्टिक टोपल्या आणि चाळण्या. तुमच्या आईच्या कपाटात एक कप्पा फक्त 'देण्याघेण्याचा' असणार, पैज लावते. त्यातली साडी कुणी नेसत नाही. ती घडीसकट या घरातून त्या घरात जाते. ब्लाउजपीसचं तर विचारूच नका. मी ओटीत घातलेला एक खण दोन वर्षांनी माझ्याच ओटीत परत आला. कोपऱ्यात दुकानदारानं पेन्सिलनं लिहिलेली किंमत होती, आणि ती पुसायचा मी केलेला अर्धवट प्रयत्नही. सासूबाई आणि मी त्या दिवशी पोट धरून हसलो.

हे दार बंद करता येत नाही, नात्याचं असतं. पण त्यातून काय जावं-यावं हे बदलता येतं. आम्ही आता संपणारी वस्तूच देतो: किलोभर इंद्रायणी तांदूळ, सेंद्रिय गूळ, घरचं तूप, चांगली हळद. हळदीकुंकवाला हळदच वाण म्हणून दिली तर कुणाला वावगं वाटत नाही, उलट चार दिवसांनी फोन येतो की कुठून आणलीत. लग्नाला पाकीट, त्यावर रुपयाचं नाणं चिकटवलेलं, विषय संपला. आणि तुमच्या लग्नपत्रिकेची वेळ येईल तेव्हा 'कृपया आहेर आणू नयेत' ही ओळ छापण्यावरून घरात भांडण होणार आहे. ते आजपासूनच सुरू करा.

तिसरं दार फुकटचं. श्रीखंडाचे डबे, हॉटेलच्या पार्सलचे काळे डबे, पिशव्यांनी भरलेली पिशवी, कार्यशाळेतून आलेल्या झोळ्या, बँकेच्या डायऱ्या. डबे ओट्याखाली एकात एक बसवलेले असतात आणि झाकणं भलत्याच ड्रॉवरमध्ये. एका रविवारी जोड्या लावून बघा. एकट्या पडलेल्या झाकणांचा ढीग पाहून आईलाही हसू येईल, आणि हे सामान तीच आपणहून काढायला देईल. याबद्दल एवढंच.

आता किती ठेवायचं? नेटवर १०० वस्तू, ३३ कपडे असे आकडे फिरतात. मला ते पटत नाहीत. मोजायला बसलं की माणूस रुमाल धरायचा की नाही यात अडकतो. आमच्या इमारतीत सांगलीकडच्या एक काकू आहेत, जैन. त्यांच्याकडे बघून मला हे नीट कळलं. जैन परंपरेत साधूनं सगळंच सोडायचं, पण संसारी माणसासाठी पाच अणुव्रतं आहेत आणि त्यांतलं पाचवं परिग्रह परिमाण, म्हणजे साठवणीचं माप. शेत, घर, सोनं-चांदी, धान्य, कपडे, भांडी यांची मर्यादा ज्यानं त्यानं स्वतः ठरवायची आणि मग ती ओलांडायची नाही. व्रत आकडा सांगत नाही, म्हणून ते दुकानदारालाही घेता येतं आणि शेतकऱ्यालाही. काकूंनी साड्यांची मर्यादा कपाटाच्या दोन कप्प्यांची ठेवलीय. लग्नात साडी मिळाली की त्याच संध्याकाळी त्या कप्प्यापुढे उभ्या राहतात. एक घडी बाहेर निघाल्याशिवाय नवी आत जात नाही. कोणती काढायची यावर सुनेशी त्यांचा जो वाद होतो, तो जिन्यात उभं राहून ऐकावा. "ही तुझ्या बाळाच्या बारशाची नव्हे, ती मोरपंखी होती," वगैरे.

तुम्ही हेच करा. जागेचं माप घ्या. कपाटातला तुमचा एक कप्पा, हँगरचा एक दांडा, पलंगाखालची एक पेटी. त्यात मावेल ते तुमचं. पुस्तकांचा नाद असेल तर त्यांना दोन फळ्या द्या आणि चपलांना एक, तुमची मर्जी. फक्त माप ठरल्यावर फळी वाढवायची नाही. ड्रॉवरमध्ये घालायचे खण, बांबूचे डबे, व्हॅक्यूमच्या पिशव्या हे 'आवरायचं सामान' तर मुळीच आणू नका. पसारा चापून बसवला तरी तो पसाराच.

एक सावधगिरी. साठवण म्हणजे पसारा नव्हे. उन्हाळ्यात वर्षाचा गहू-ज्वारी भरून ठेवणारं घर, पापड-कुरडयांचे डबे, लोणच्याची बरणी, एक दिवसाआड पाणी येतं म्हणून ठेवलेलं पिंप, पाहुण्यांसाठीच्या दोन जादा गाद्या, या सगळ्यांमागे हिशेब आहे. 'लागेल तेव्हा विकत घेऊ' हे तत्त्व खिशात पैसे आणि खाली दुकान असणाऱ्याचं आहे. घरकाम करणाऱ्या ताईंच्या दहा बाय दहाच्या खोलीत वस्तू कमी असतात, त्याला कुणी मिनिमलिझम म्हणत नाही. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले, तेच पुढे सेवाग्राम. साधेपणा बघायला लोक तिथे जातात, चटईची बैठक आणि मातीच्या भिंती बघतात. पण तिथेच साप पकडून लांब सोडण्यासाठीचा लाकडी चिमटा आणि पिंजराही आहे, आणि व्हाइसरॉयशी तातडीनं बोलता यावं म्हणून बसवलेला टेलिफोनसुद्धा. त्या जागी, त्या कामाला जे लागत होतं ते ठेवलेलं होतं. तुमच्या घरात काय लागतं हे जपानमधला यूट्यूबर कुठून सांगणार?

आता आजी. तिचं सामान हा तुमचा विषय नाही. तिच्या पाठीमागे तर एक चमचासुद्धा टाकू नका. तिच्या पिढीनं १९७२ चा दुष्काळ पाहिलाय. रेशनवरचा तांबडा मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) आणि सुकडी खाऊन दिवस काढलेले लोक आहेत हे. नंतरही गॅसला, फोनला, स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे. त्या काळात टाकलेली वस्तू पुन्हा मिळेलच याची खात्री नव्हती, म्हणून दोरीचा तुकडाही गुंडाळून ठेवला जायचा. आणि गंमत बघा, तुम्ही व्हिडिओत जे शिकताय ते तिला येतं. जुन्या सुती साडीची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं, धोतराच्या फडक्याच्या वाती. तिची फक्त आवक नव्या काळातली झालीय, कारण ती तुम्ही सगळे आणता. तुमचा कप्पा सहा महिने मोकळा दिसला की घरातले आपोआप विचारायला लागतील. नाहीच विचारलं तर नाही. वन बीएचकेमध्ये शांतता ही मोकळ्या माळ्यापेक्षा मोठी चैन आहे.

एवढं झाल्यावर मग जावक. पेठांमध्ये बोहारीण अजून येते. घालण्याजोगे कपडे तिला दिले तर ते पुढे वापरात जातात. पण बदल्यात भांडं घेऊ नका, नाहीतर आवक पुन्हा सुरू. पैसे द्यायला ती तयार नसते, तेव्हा नुसतेच द्या. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आहे, तिच्या 'व्ही-कलेक्ट' उपक्रमात जुने कपडे, फर्निचर, ई-कचरा घेतात. १९९९ साली सुरू झालेली 'गूंज' ही संस्था कपडे आणि घरगुती वस्तू गावांकडे पोचवते. देताना धुऊन, बटणं लावून, घडी करून द्या. फाटकं-विटकं आश्रमशाळेत नेऊन टाकणं आणि वर फोटो काढणं, हा प्रकार बघून माझं डोकं फिरतं. जे तुम्ही घालणार नाही ते त्या पोरांनी का घालावं? त्याची फडकी करा. जुना फोन ई-कचऱ्यात देण्याआधी फॅक्टरी रीसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. कागदांपैकी वीजबिलं, जुनी वॉरंटी कार्डं खुशाल रद्दीत जाऊ द्या. मार्कलिस्ट, लायसन्स डिजिलॉकरमध्ये मिळत असलं तरी मूळ प्रत असू द्या. खरेदीखत, इंडेक्स टू (त्याच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट यांना वडिलांना विचारल्याशिवाय हात लावू नका. आवराआवरीच्या उत्साहात अशी फाइल रद्दीत गेली तर पुढचं वर्ष दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जातं.

राहिले शर्ट. सात-आठ नवे एकसारखे शर्ट घेऊन साधेपणाला सुरुवात करायची म्हणजे आवकच की हो ती. आहेत ते आधी घालून विरू द्या. कॉलर विरली तर उलटून शिवून मिळते, जुने शिंपी अजून करून देतात. शर्ट घेऊन जा आणि आधीच सांगा की कॉलरखालची बटणाची पट्टी तशीच ठेवा, नाहीतर ते तीही उसवतात.