तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : सर्व्हरची रॅम रिकामी, तरी नवीन व्हीएम चालू का होत नाही?

प्रश्न : नमस्कार सर, अंबड एमआयडीसीत आमचं पार्ट बनवायचं युनिट आहे, आयटीचं सगळं मीच बघते. ६४ जीबी रॅमचा एकच सर्व्हर, त्यावर ईएसएक्सआय, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, आभासी कॉम्प्युटर) चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर. ईआरपीच्या (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) एसक्यूएल डेटाबेसच्या व्हीएमला २४ जीबी, टॅलीच्या टर्मिनल सर्व्हरला २४, फाइल सर्व्हरला ८. आता हजेरीच्या सॉफ्टवेअरसाठी ८ जीबीची चौथी व्हीएम केली तर ती ऑनच होत नाही, मेमरी कमी आहे म्हणते. पण टॅलीच्या व्हीएममध्ये टास्क मॅनेजर उघडला की अर्धी रॅम रिकामी दिसते! व्हेंडर म्हणतो रॅम वाढवा. खरंच वाढवावी लागेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, रॅम घ्यायची घाई करू नका. आधी प्रत्येक व्हीएमच्या सेटिंगमध्ये जा, मेमरी उघडा आणि 'रिझर्व्ह ऑल गेस्ट मेमरी' याच्यापुढे टिक आहे का बघा. मला जवळपास खात्री आहे की चारही ठिकाणी असणार, कारण एक व्हीएम बनवून तिच्याच कॉप्या काढल्या की टिक पण सोबत येते.

व्हीएमला २४ जीबी दिली म्हणजे ती जास्तीत जास्त तेवढी वापरू शकते, एवढंच. रिझर्व्हेशन म्हणजे होस्टने (ईएसएक्सआय चालतं त्या खऱ्या सर्व्हरने) दिलेला शब्द, की एवढी खरी रॅम तुला मिळणारच, काही झालं तरी. व्हीएम ऑन करताना होस्ट हिशोब करतो तो दिलेल्या शब्दांचा, आत किती रिकामी आहे याचा नाही. पुण्याच्या एसटीत रिझर्व्हेशनवाला अजून चढला नसेल तर कंडक्टर दुसऱ्याला तात्पुरतं बसू देईल, पण खिडकीवर तीच सीट परत विकता येत नाही, तसंच हे. तुमचे ५६ जीबी आधीच बुक, वर ईएसएक्सआयला स्वतःला काही जीबी लागतात आणि प्रत्येक व्हीएममागे थोडी जादा रॅम (ओव्हरहेड) जाते, मग नवीन ८ बसणार कुठून?

एसक्यूएलची टिक मात्र ठेवा. डेटाबेसची रॅम मध्येच काढून घेतली तर ईआरपी रडतं आणि सगळे तुमच्या टेबलाशी येतात. फक्त एसक्यूएलच्या आत मॅक्स सर्व्हर मेमरी सेट केलीय का बघा, मूळ सेटिंगला काही मर्यादाच नसते, ते मिळेल तेवढं खातं, त्यामुळे २४ पैकी २० वर बांधून टाका म्हणजे विंडोजलाही श्वास घेता येईल. बाकी तिघांची टिक काढा आणि टॅलीला १२ रिझर्व्ह, फाइल सर्व्हरला २, हजेरीला शून्य असं ठेवा. एसक्यूएलचे २४ धरून झाले ३८.

बाकीची रॅम सगळ्यांत वाटून जाते आणि ओढाताण झाली तर होस्ट आधी बलूनिंग करतो, म्हणजे व्हीएममधला ड्रायव्हर आतूनच रिकामी रॅम गोळा करून परत देतो. हा ड्रायव्हर व्हीएमवेअर टूल्ससोबत येतो, त्यामुळे टूल्स चारही व्हीएमवर पाहिजेतच. ते नसतील तर होस्ट कॉम्प्रेशन (रॅममधला डेटा दाबून लहान करणं) आणि शेवटी स्वॅप करतो, म्हणजे रॅममधला डेटा डिस्कवर नेऊन ठेवतो, आणि स्वॅप सुरू झालं की व्हीएम अक्षरशः रांगते. शेअर्स, म्हणजे रॅम कमी पडली तर आधी कुणाला, हे पण बघून घ्या, एसक्यूएलला हाय, हजेरीला लो. शेअर्सचा उपयोग फक्त ओढाताणीच्या वेळी, एरवी नाही. आणि लिमिटला, म्हणजे व्हीएमला मिळणाऱ्या खऱ्या रॅमच्या वरच्या मर्यादेला, कृपा करून हात लावू नका, अनलिमिटेडच राहू द्या, कारण लिमिट दिलेल्या रॅमपेक्षा कमी असेल तर होस्टवर ढीगभर रॅम मोकळी असतानाही तीच व्हीएम स्वॅप करत बसते, आणि हे शोधताना भलेभले थकतात.

जीएसटीच्या दिवसांत, टॅलीवर सगळे एकदम बसलेले असताना, होस्टचा बलून आणि स्वॅपचा ग्राफ बघा. दोन्ही शून्यावर असतील तर रॅम पुरतेय. स्वॅप सतत दिसला तर मात्र व्हेंडरचं ऐका.

टिक काढण्याआधी डेटास्टोअरवरची (व्हीएमच्या फाइली राहतात त्या डिस्कवरची) जागा तपासा. प्रत्येक व्हीएमची एक स्वॅप फाइल बनते, तिची साईज म्हणजे दिलेली रॅम वजा रिझर्व्हेशन. तुमच्या हिशोबाने टॅलीचे १२, फाइल सर्व्हरचे ६ आणि हजेरीचे ८, असे २६ जीबी मोकळे लागतील, नाहीतर आता डिस्क कमी पडते म्हणून व्हीएम अडेल. आणि डिझाइनवाल्यांच्या एखाद्या व्हीएमला पुढे ग्राफिक कार्ड थेट जोडलंत तर तिची पूर्ण रॅम रिझर्व्ह करावीच लागते, तेव्हा तेवढी रॅम आत्ताच हिशोबात धरून ठेवा.