विंचूदंश आणि मेंदू : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांना विंचू चावला. दुसऱ्या दिवशी त्यांचा उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळू लागलं. विंचवाने अर्धांगवायू होतो का?

उत्तर : क्वचित, पण होतो. विष सहसा थेट मेंदूत शिरत नाही, घात आडवाटेने होतो. विषामुळे मज्जातंतूंमधली सोडियमची दारं मिटतच नाहीत. तंतू सतत चेतत राहतात, अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं रक्तात उसळतात आणि रक्तदाब भडकतो. त्यात मेंदूतली रक्तवाहिनी फुटू शकते. किंवा हृदय कमकुवत होऊन आत गुठळी धरते आणि ती मेंदूत जाऊन अडकते. काहींच्या बाबतीत रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. म्हणून आधी सीटी स्कॅन. रक्तस्राव झालाय की गुठळी अडकलीय हे कळल्याशिवाय रक्त पातळ करणारं औषध देऊ नये. हृदयाची इको तपासणीही करून घ्याच.

प्रश्न : फारशी आग होत नसेल तर घरी थांबावं का?

उत्तर : कृपा करून थांबू नका. कळ कमी म्हणजे धोका कमी, हा समज जिवावर बेततो. लाल विंचवाच्या गंभीर दंशात वेदना अनेकदा किरकोळच असते. उलट्या, दरदरून घाम, तोंडाला सुटणारी लाळ, गार पडलेले हातपाय ही खरी धोक्याची घंटा. अशा वेळी प्राझोसिन हे रक्तदाब उतरवणारं औषध लवकर मिळायला हवं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1980च्या दशकात ते विंचूदंशावर वापरलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. रक्तदाब वेळीच आवरला, तर मेंदूवरचा घालाही बहुधा टळतो.

प्रश्न : दंशानंतर मुलाचे डोळे सैरभैर फिरत होते, हातपाय आपटत होता, पण हाक मारली की ओ देत होता. हे फेफरं का?

उत्तर : बहुधा नाही. फेफऱ्याचा मोठा झटका आला की शुद्ध हरपते. इथे ती शाबूत आहे, बेभान झालेत ते तंतू. जीभ बाहेर काढायला सांगितली तर तिच्यावर बारीक थरथर दिसते. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात आणि मेक्सिकोत सापडणाऱ्या सेंट्रुरॉइडिस जातीच्या दंशात हे चित्र नेहमीचं. तिथे त्याच विंचवाविरुद्धची लस, म्हणजे दंशानंतर द्यायचं विषावरचं औषध, देतात. मूल खरोखर बेशुद्ध पडलं, तर मात्र रक्तदाब आणि प्राणवायू ताबडतोब तपासायला हवा.

प्रश्न : सापाची लस चालते का?

उत्तर : नाही. विंचवाची वेगळी असते, तीही जातीनुसार. दंशावर चिरा देऊ नका, घट्ट बांधूही नका.