एसएमपीएसपासून बनवलेल्या पॉवर सप्लायच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या का येतात?

तुम्ही जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे त्याला वीज पुरवणारा भाग, नव्या पत्र्याच्या डब्यात बसवलाय. १२ आणि ५ व्होल्ट बरोबर मिळतात, पण डब्यावरून बोट फिरवलं की झिणझिणतं, टेस्टर मंद पेटतो आणि डबा ते न्यूट्रल मीटर ११० च्या आसपास दाखवतो. तुमच्या डब्याला अर्थिंग पोचत नाहीये. ११० हा आकडाच तसं सांगतो.

एसएमपीएसच्या इनपुटला विद्युत गोंगाट गाळणारे दोन छोटे वाय कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला, दुसरा न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थ तुटली की बॉडी दोघांच्या मधोमध लटकते, म्हणजे २३० च्या निम्म्यावर. २.२ नॅनोफॅरडचे कपॅसिटर धरले तर करंट जेमतेम ०.१६ मिलिअँपिअर, त्याने जीव जात नाही. पण उद्या आतली फेजची वायर डब्याला टेकली, तर फ्यूज उडणार नाही आणि डबा पूर्ण २३० वर बसेल. म्हणून हे चालवून घेऊ नका.

प्लग काढा. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहतो, थोडं थांबून मीटरने तो उतरल्याची खात्री करा. मग मीटर कंटिन्युइटीवर (जोड असला की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून एक प्रोब प्लगच्या जाड पिनला आणि दुसरा डब्याच्या उघड्या धातूला लावा, रंगावर नाही. बीप आली पाहिजे, आणि ती वायर हलवली तरी टिकली पाहिजे. माझ्याकडे ती येत-जात होती. अर्थच्या वायरीचा लग (टोकाची धातूची कडी) मी पावडर कोटिंगवरच, म्हणजे रंगावरच, आवळला होता! नाण्याएवढा रंग खरवडून दातेरी वॉशर घातला, त्या लगला स्वतंत्र स्क्रू दिला, तेव्हा बीप स्थिर झाली. पीसीबी (आतली सर्किटची पाटी) प्लॅस्टिकच्या स्पेसरवर बसवली असेल तर तेही बघा. मूळ डब्यात आउटपुटच्या काळ्या (शून्य व्होल्टच्या) वायरी आणि ते कपॅसिटर पीसीबीच्या स्क्रूमधूनच बॉडीला जोडलेले असतात.

एवढं करूनही माझ्या झिणझिण्या गेल्या नाहीत. शेवटी एक्स्टेंशन बोर्ड उघडला. वर तीन भोकं, आत मात्र दोनच वायरी, अर्थची पट्टी कोरी. म्हणून भिंतीच्या सॉकेटपर्यंत जा. फेज ते अर्थ साधारण २३० आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट दिसले पाहिजेत. मधलाच काही आकडा आला तर वायरमनला बोलवा. बल्ब लावून अर्थ तपासायच्या भानगडीत पडू नका. अर्थ तुटलेली असली तर त्या बल्बमधून फेज घरातल्या फ्रीज-गीझरच्या बॉडीवर जाते.

न्यूट्रल बॉडीला जोडून टाका, असा सल्ला कुणी दिला तर कृपा करून ऐकू नका. कुठेही न्यूट्रल तुटली किंवा फेज-न्यूट्रल उलटे झाले की डबा थेट लाइव्ह होतो. वाय कपॅसिटरही कापू नका.

अर्थ नीट जोडल्यावर आउटपुटचं काळं टर्मिनल अर्थवरच असेल. त्यामुळे ऑसिलोस्कोपची (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राची) ग्राउंड क्लिप कधीही लाल टर्मिनलला लावू नका, तीही अर्थलाच जोडलेली असते, तिथे सरळ शॉर्ट होईल.