वाचकांचे प्रश्न : जुना कीबोर्ड ओळखायचा आणि चालू करायचा

प्रश्न : कबाड्याकडून एक जड, पिवळट पडलेला कीबोर्ड घेतला. बटण दाबलं की टक्कन आवाज येतो. मागचं लेबल फाटलंय. मेकॅनिकल आहे का, आणि कोणता? – एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : मेकॅनिकल म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतःचा स्विच किंवा स्प्रिंग असलेला कीबोर्ड. लेबल गेलं तरी अडत नाही, एक बटण काढून बघा. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, कडा दबतात. दोन पेपरक्लिप सरळ करून टोकाला आकडे वळवा, बटणाच्या समोरासमोरच्या कडांखाली अडकवा आणि सरळ वर ओढा. सुरुवात एफ १२ सारख्या कमी वापराच्या बटणापासून करा. स्पेसबार, एंटर आणि शिफ्टखाली आधाराची तार असते, म्हणून ती शेवटी.

खाली अधिकच्या चिन्हासारखा दांडा दिसला तर स्विच चेरी कंपनीचा एमएक्स किंवा त्याची नक्कल. दांडा निळा असेल तर क्लिकचा आवाज येतो. तपकिरी असेल तर मध्ये हलका अडथळा लागतो पण आवाज नाही. काळा असेल तर बटण सरळ खाली जातं. दांड्यात आयताकृती खाच असेल तर स्विच बहुधा आल्प्स कंपनीच्या पद्धतीचा. नळीत नुसती स्प्रिंग उभी असेल तर आयबीएमचा मॉडेल एम किंवा त्याच घराण्यातला. तो हातचा जाऊ देऊ नका. आणि रबराची वाटी दिसली तर तो साधा मेम्ब्रेन, म्हणजे मेकॅनिकल नव्हे. त्यावर पैसे घालवू नका.

आपल्याकडे बँका, कचेऱ्या, डीटीपीची दुकानं आणि टायपिंग इन्स्टिट्यूट यांच्या निकाली मालात टीव्हीएस गोल्ड हा कीबोर्ड बराच सापडतो. तो निळ्या दांड्याच्या चेरी स्विचसाठी ओळखला जातो. पण निळा दांडा म्हणजे चेरीच, असं धरून चालू नका. स्विचच्या वरच्या कवचावर चेरीचं नाव कोरलेलं आहे का, ते टॉर्च लावून बघा. घासाघीस त्यानंतर.

मॉडेल एम हलवल्यावर आत काही खुळखुळलं तर स्प्रिंगांची जाळी आणि लोखंडी पत्रा धरून ठेवणारे प्लास्टिकचे रिव्हेट तुटलेत. दोनचार तुटले असतील तर चालतं. रांगच्या रांग गेली की बटणं पोकळ वाजतात, काही उमटतही नाहीत. मग रिव्हेटच्या जागी भोकं पाडून एम २ मापाचे, साधारण ८ मिमी लांबीचे स्क्रू आणि नट बसवावे लागतात. कवच उघडायला मागचे चार षटकोनी बोल्ट ५.५ मिमीच्या नट ड्रायव्हरने काढायचे. ते खोल असतात, त्यामुळे जाड भिंतीचा पाना आत जात नाही.

प्रश्न : बर्डीवरून गोल पिनचा यूएसबी अडॅप्टर आणला, तरी कीबोर्ड मुका. स्विच खराब झाले असतील का? – एक वाचक, महाल

उत्तर : एकही बटण उमटत नसेल तर स्विचला दोष देण्याआधी प्लगकडे बघा. सगळे स्विच एकाच वेळी मरत नाहीत. सहा पिनांचा छोटा गोल प्लग म्हणजे पीएस/२. त्यासाठी मिळणाऱ्या स्वस्त अडॅप्टरमध्ये चिप नसते, फक्त तारा जोडलेल्या असतात. ज्या कीबोर्डला स्वतःला यूएसबीची भाषा येते त्यालाच तो चालतो. जुन्या कीबोर्डला चिप असलेला कन्व्हर्टर लागतो.

पाच पिनांचा मोठा प्लग असेल तर जास्त जपून, कारण तो एटी किंवा एक्सटी या जुन्या आयबीएम पद्धतीच्या संगणकांचा. एटी आणि पीएस/२ यांची भाषा एकच, त्यामुळे तिथे नुसता पिन बदलणारा जोड पुरतो. एक्सटीची भाषा वेगळी. कीबोर्डच्या खाली ‘एक्स-ए’ असं लिहिलेला छोटा सरकता खटका असेल तर तो ‘ए’ या बाजूला सरकवा. नसेल आणि कीबोर्ड एक्सटीच निघाला, तर त्याचा खास कन्व्हर्टरच हवा. तारा स्वतः जोडणार असाल तर मोठ्या प्लगमध्ये १ क्लॉक, २ डेटा, ४ ग्राउंड, ५ म्हणजे ५ व्होल्ट. तारांच्या रंगावर विसंबू नका, मल्टिमीटरने पिनपासून तारेपर्यंत तपासा.

पीएस/२ किंवा एटी कीबोर्ड संगणक बंद करूनच लावा. चालू असताना लावला तर पोर्ट जाऊ शकतो. वीज मिळाल्याबरोबर तिन्ही दिवे एकदा लुकलुकले तर आतली चिप बहुधा जिवंत आहे. मग केबल नि कन्व्हर्टर तपासा.

प्रश्न : एक अक्षर दोनदा उमटतं, दुसरं उमटतच नाही. – एक वाचक, मानेवाडा

उत्तर : दोन्हीचं मूळ बहुधा एकच, संपर्कावर बसलेली धूळ. आपल्याकडे उन्हाळाभर टेबल कूलरच्या झोतात असतं. ओली हवा आणि धूळ मिळून पत्र्याला गंजवतात आणि स्विचमध्ये चिकटा धरतो. कीबोर्ड संगणकापासून काढा. बटण काढून दांडा दाबून धरा आणि कडेने ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडा. मग दांडा शंभरेक वेळा दाबा, कीबोर्ड उलटा ठेवून रात्रभर वाळवा. गरज पडली तर पुन्हा करा.

तरी सुधारत नसेल तर कवच उघडून त्या स्विचच्या सोल्डरच्या दोन टाक्यांवर मल्टिमीटर लावा. दाबल्यावर काही ओहमच दिसले तर स्विच ठीक, दोष सर्किटच्या रेषेत किंवा टाक्यात. ओळीतली बरीच बटणं एकदम बंद असतील तरी तेच. काहीच दिसलं नाही तर स्विच बदला. जुन्या टाक्यावर आधी थोडं नवं ६०/४० सोल्डर द्या, मग सोल्डर ओढायच्या पंपाने ओढा. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांवर, तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. घाईत ओढाताण केली की तांब्याचा पट्टा उखडतो, आणि ते काम स्विच बदलण्यापेक्षा किचकट.

प्रश्न : पिवळेपणा काढायला मे महिन्यात गच्चीवर पेरॉक्साइड लावून ठेवू का? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : ठेवा, पण दुपारी नाही. पार्लरच्या सामानात मिळणारं १२ टक्क्यांचं क्रीम डेव्हलपर, म्हणजे केसांसाठीचं पेरॉक्साइडचं क्रीम, चालतं. ते वाळलं की तिथे डाग पडतात, आणि आपल्या उन्हात ते बघता बघता वाळतं. क्रीम सगळीकडे सारखं लावा, प्लास्टिक फिल्मने झाका, सकाळी सात ते दहा ठेवा, दर तासाला फिल्म काढून पुन्हा लावा. हातमोजे आणि चष्मा हवेतच. लोखंडी पत्रा, केबल, लेबल असलेला भाग आधी वेगळा करा.

हे फक्त एबीएस प्लास्टिकसाठी. मॉडेल एमची बटणं पीबीटी या दुसऱ्या प्लास्टिकची, ती पिवळी पडत नाहीत, नुसती मळतात. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून दोन तास भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा. उकळतं पाणी नको. शंका असेल तर बटणाच्या आतल्या बाजूला अॅसिटोनचा बोळा लावून बघा. चिकट झालं तर एबीएस.

पेरॉक्साइडने आलेला पांढरेपणा कायमचा नसतो. कीबोर्ड खिडकीजवळ ठेवला की पिवळेपणा परततो.

प्रश्न : बटणं घट्ट वाटतात. शिलाई मशीनचं तेल सोडू का? – एक वाचक, गोकुळपेठ

उत्तर : नाही. क्लिकच्या स्विचमध्ये तेल गेलं की आवाज मरतो आणि धूळ धरते. वंगण फक्त स्पेसबारच्या तारेच्या टोकांना, सिलिकॉन ग्रीस, काडीच्या टोकावर मावेल एवढंच.