टिनाखालचं दुकान, झाकणाखाली ४५ मिलिमीटर

प्रश्न : नमस्कार भाऊ, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातून लिहून राह्यलो. गावात माझं ऑनलाइन फॉर्म, सातबारा, पासपोर्ट फोटोचं छोटंसं दुकान आहे, वरतून टिनं. लग्नाच्या सिझनमध्ये व्हिडिओ एडिटिंग पण करतो. टेबलावर जागा नाही म्हणून छोटा मिनी-आयटीएक्स कॅबिनेट घेतला अन् त्यात रायझन ५ ५६००जी प्रोसेसर बसवला. घोळ असा झाला का कॅबिनेटमध्ये प्रोसेसरवर बसवायचा कूलर ४५ मिलिमीटर उंचीपर्यंतच चालते अन् प्रोसेसरच्या डब्यातून आलेला निघाला ५४ चा, झाकणच लागत नाही. जानेवारीपासून झाकण उघडं ठेवूनच चालवून राह्यलो, बाजूच्या जिनिंगची रुई उडून आत जाते, मागच्या महिन्यात तर आतून पाल निघाली. दुकानदार म्हणते ४७ वाला घेऊन टाका, २ मिलिमीटरनं काही होत नाही. घेऊ का? अन् मे महिन्यात दुकानात थर्मामीटर ४३ दाखवते, त्यात एवढासा कूलर टिकल का? जानेवारीत खोलीत २४ असताना व्हिडिओ एक्स्पोर्ट लावला तं प्रोसेसर ७० वर जात होता.

उत्तर : भाऊ, पहिले तर ते आकडे लिहून पाठवले हे फार चांगलं केलं, खोलीचं तापमान अन् प्रोसेसरचं तापमान दोन्ही सोबत कोणी लिहीतच नाही आणि मग उत्तर हवेत द्यावं लागतं.

४७ वाला घेऊ नका. दुकानदार बहुतेक थर्मलराइटच्या एएक्सपी९०-एक्स४७ बद्दल किंवा आयडी-कूलिंगच्या आयएस-४७ बद्दल बोलत असेल, दोन्ही कूलर चांगलेच आहेत, पण तुमच्या डब्यात नाही. बुटक्या कूलरचा पंखा सगळ्यात वर असतो आणि तो झाकणाच्या जाळीतूनच हवा खेचतो, म्हणजे झाकण जबरदस्तीनं दाबून लावलं तर जाळी पंख्याला घासणार, शिवाय तो दाब कूलरवरून खाली प्रोसेसरवर अन् बोर्डवर जाणार. ४५ ची मर्यादा असेल तर ४५ वाला (आयएस-४०एक्स तेवढाच आहे) कागदावर बसतो, पण मी तोही घेणार नाही, कारण पत्र्याचं झाकण थोडंफार वाकलेलं असतंच. तुम्ही स्वतः एक काम करा, आत्ताचा कूलर काढाल तेव्हा प्रोसेसरच्या चकचकीत पाठीपासून झाकणाच्या आतल्या बाजूपर्यंत पट्टी लावून मोजा, आणि त्यातून कमीत कमी ३ मिलिमीटर सोडून द्या.

मग उरतात ३६-३७ चे. नोक्टुआचा एनएच-एल९ए-एएम४ हा ३७ मिलिमीटरचा आहे, त्यातला पंखा फक्त १४ मिलिमीटर जाड, कंपनी ६ वर्षांची वॉरंटी देते. महाग आहे, खोटं कशाला सांगू, पण तुमच्यासारख्या दिवसभर चालणाऱ्या दुकानात मी त्यालाच पैसे देईन. बजेट नसेल तर थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स३६, ३६ मिलिमीटर. ३० मिलिमीटरचा आयडी-कूलिंग आयएस-३० पण मिळतो पण जागा आहे तर एवढा चपटा घेऊन फायदा काय, जितक्या धातूच्या पट्ट्या कमी तितकी उष्णता सोडायला जागा कमी. नोक्टुआ ऑर्डर करताना नावाच्या शेवटी एएम४ (तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटचं नाव) लिहिलंय का ते दोनदा पाहा. याच कूलरचा एएम५ वाला वेगळा येतो अन् इंटेलसाठी एल९आय वेगळा, फोटोत सगळे भाऊ-भाऊच दिसतात, आणि एवढ्या दूर गावात परत पाठवण्यात आठ दिवस जातात.

आता खरी गोष्ट, मे महिन्याची. तुमचा प्रोसेसर खोलीपेक्षा ४६ डिग्री वर जात होता, २४ चे ७० झाले. कूलर हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही, तो फक्त फरक कमी ठेवतो, म्हणून खोली जेवढी तापते जवळपास तेवढाच प्रोसेसर वर चढतो. ४३ मध्ये ४६ मिळवले की ८९, आणि हे मोठ्या कूलरवर, झाकण उघडं असताना. बुटका कूलर अन् झाकण बंद केल्यावर त्यात अजून भर पडते. ५६००जी ची हद्द ९५ आहे, तिथं पोचला की तो स्वतःच स्पीड कमी करतो. जळत नाही, ती भीती मनातून काढून टाका, पण नवतपा लागला की एक्स्पोर्ट रडतखडत चालेल, पंखा पूर्ण वेगानं ओरडेल अन् बाजूचा बोर्ड, एसएसडी सगळंच त्या उष्णतेत शिजत राहील.

याचा इलाज कूलरमध्ये कमी अन् बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जास्त आहे, आणि फुकट आहे. ५६००जी ६५ वॅटचा म्हणून विकतात पण पूर्ण लोडवर तो ८८ वॅटपर्यंत ओढतो. बायोसमध्ये इको मोड किंवा सीटीडीपी नावाचं सेटिंग सापडेल, ते ४५ वर करा, मग तो साधारण ६० वॅटवर थांबतो. म्हणजे उष्णता एक तृतीयांश कमी, अन् खोलीपेक्षा जो फरक राहतो तोही अंदाजे तेवढाच कमी. स्पीड मात्र एक तृतीयांश कमी होत नाही, कारण शेवटचा थोडासा वेग मिळवायला प्रोसेसरला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तो शेवटचा वेगच सगळ्यात महाग पडतो. फॉर्म भरताना, सातबारा काढताना तुम्हाला फरक कळणारसुद्धा नाही. लग्नाचा व्हिडिओ थोडा उशिरा निघेल, तो रात्री लावून द्या, तेव्हा टिनंही थंड झालेली असतात. मी स्वतः कोणालाही उन्हाळ्यात हेच आधी करायला सांगतो, कूलर नंतर.

रुईचं पण सांगतो, कारण जिनिंगच्या शेजारी हाच खरा दुश्मन आहे. बुटक्या कूलरच्या पट्ट्या एकमेकींना लागून असतात, रुई अन् धूळ पंखा आणि पट्ट्यांच्या मधे नमद्यासारखी बसते आणि वरून पाहिलं तर पंखा साफच दिसतो. म्हणून महिन्यातून एकदा पंख्याचे स्क्रू काढून खालून पाहायचं, ब्रशनं झाडायचं, ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवायचं नाहीतर तो हवेनं वेड्यासारखा फिरून बेअरिंग खराब होते. झाकणाच्या जाळीवर बारीक नायलॉनची जाळी लावली तरी चालते, हवा थोडी कमी होईल, पण ती आठवड्याला धुवा. आणि ३७ चा कूलर ४५ च्या जागेत बसला की वर ८ मिलिमीटर फट राहते, तिथून पंखा आतलीच गरम हवा पुन्हा ओढतो. दारा-खिडक्यांना लावायची फोमची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पंख्याच्या फ्रेमच्या कडेनं चौकोनात चिकटवा म्हणजे बाहेरचीच हवा येईल. या पट्टीचा उपयोग लोकांना पटत नाही पण लावून पाहा, लावायच्या आधी अन् नंतर एकाच लोडवर तापमान लिहून ठेवा.

बसवताना एकच गोष्ट जपा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि प्रोसेसर अन् कूलरच्या मधला जुना थर्मल पेस्ट वाळून कूलरला असा चिकटतो का थंड मशीनवर सरळ वर ओढला तर लॉक लागलेलं असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. आधी दहा-पंधरा मिनिटं मशीन चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, चारही स्क्रू सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळत सोडवा. नोक्टुआसोबत मागची प्लेट वेगळी येते म्हणून बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढावाच लागेल, घाई करू नका. नवा पेस्ट तुरीच्या दाण्याएवढा, मधोमध. स्क्रू समोरासमोरचे थोडे-थोडे कसायचे.

प्रश्न : आमच्याकडं खोलीत वाळ्याचा कूलर असतो. त्याची हवा सरळ कॉम्प्युटरवर सोडली तर चालेल का? (हिंगणघाट तालुका, वर्धा)

उत्तर : खोली थंड करू द्या, त्यानं कॉम्प्युटरला फायदाच आहे, मे महिन्यात आपल्याकडं हवा इतकी कोरडी असते का कूलर चांगले काही डिग्री उतरवतो. पण सरळ झोत नको. चालू मशीन खोलीपेक्षा गरमच असते म्हणून आत दव साचत नाही, धोका आहे तो उडणाऱ्या बारीक थेंबांचा. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते थेंब वाळले का बोर्डवर अन् पंख्यावर पांढरी पुटं धरतात. कॅबिनेट कूलरच्या समोर नाही, बाजूला ठेवा, आणि खिडकी उघडी असू द्या.

प्रश्न : घरी जुन्या सहाव्या पिढीच्या इंटेलचा बुटका कूलर पडून आहे, तो नव्या आय३-१२१०० ला बसवता येईल का?

उत्तर : तसाच नाही बसत जी. जुन्या सॉकेटच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर, १२१०० च्या एलजीए१७०० सॉकेटमध्ये ते ७८. शिवाय नव्यात प्रोसेसर थोडा खाली बसतो, त्यामुळे पिना कशाबशा घुसवल्या तरी दाब पुरा पडत नाही. त्या कूलरच्या कंपनीची एलजीए१७०० वर बसवायची पट्टी वेगळी मिळत असेल तर घ्या. नाहीतर १२१०० च्या डब्यातलाच कूलर लावा, घरचं काम त्यात आरामात होते.