आंब्याच्या ओंडक्यावर आलेली कानासारखी लिबलिबीत बुरशी कोणती? खाता येते का?

फोटोत ओंडका आहे, तपकिरी कान आहेत आणि तुम्हाला नाव हवंय. वंश सांगतो: ऑरिक्युलारिया. जातीचं नाव मात्र या एका फोटोवरून सांगणार नाही, आणि जो छातीठोकपणे सांगेल त्याचंही ऐकू नका.

कोकणात असा कान दिसला की 'ऑरिक्युला-ज्युडे' लिहून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. यावरून माझे एका जाणत्या माणसाशी अनेकदा खटके उडालेत, म्हणून स्पष्टच लिहितो. ती युरोपातली जात आहे. जुन्या पुस्तकांनी जगभरच्या कानांना तेच नाव चिकटवलं. चीनमध्ये पिकवला जाणारा काळा कानसुद्धा वेगळा निघाला आणि 2014 मध्ये त्याला ऑरिक्युलारिया हाइमुअर हे नाव मिळालं. आपल्या उष्ण, दमट पट्ट्यात आधी याच वंशातली कॉर्निया ही जात आणि डेलिकाटा व तिच्यासारख्या जातींचा गट तपासायचा. पूर्वी जिला पोलिट्रिका म्हणत, ती आता कॉर्नियातच धरतात.

फरक पाठीत (वरची केसाळ बाजू) आणि पोटात (बीजाणू धरणारी खालची बाजू) आहे, आणि तुमच्या फोटोत फक्त पाठ दिसते. पाठ दहापट भिंगाखाली उजेडात तिरकी धरा. कॉर्नियाच्या पाठीवर दाट राखाडी मखमल असते, पोट गुळगुळीत. डेलिकाटाच्या गटात पोटावर उंच कंगोऱ्यांची जाळी असते, थेट बोकडाच्या वजडीसारखी. एकदा बोट फिरवलं की विसरायला होत नाही. पावसात फुगलेला कान फसवतो, कारण केस चिकटून पाठ गुळगुळीत वाटते. अर्धवट सुकू द्या, मग बघा.

नमुना ओरबाडू नका. 2 ते 3 सेंमी लाकडासकट कापून वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलात तर दुपारपर्यंत त्याचा गिळगिळीत लगदा होतो. झाड कोणतं, साल आहे की गेली, हे तिथेच लिहून ठेवा. बीजाणू म्हणजे बुरशीचं बारीक भुकटीसारखं बी. त्यांच्या ठशासाठी कान पोटाच्या बाजूने काचपट्टीवर ठेवा, वर वाटी उपडी घाला, रात्रभर हलवू नका. ठसा पांढरा येतो, त्यामुळे काचेखाली काळा कागद धरावा लागतो. ठसा पडला नाही तर बहुतेक वेळा कान निथळता ओला होता किंवा जून झाला होता. ओला असेल तर तासभर सुकवून पुन्हा ठेवा.

सूक्ष्मदर्शक मिळाला तर खात्री होते. दाढीच्या ब्लेडने पातळ उभा काप घ्या, सुकलेल्या नमुन्याला 5 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड लावा आणि 400 पटीत बघा. ऑरिक्युलारियाच्या बीजाणू धरणाऱ्या पेशी लांबट असतात, 3 आडव्या पडद्यांनी चार कप्पे झालेल्या. बीजाणू काजूगरासारखे किंचित वाकलेले. ट्रेमेला आणि डॅक्रिमायसीस हे जेलीसारख्या बुरशींचे दुसरे वंश. ट्रेमेलात त्याच पेशी गोलसर आणि उभ्या चिरलेल्या असतात, डॅक्रिमायसीससारख्यांत चक्क बेचकीसारख्या.

लाकडावर दिसणाऱ्या आणि याच्याशी गल्लत होणाऱ्या बाकीच्यांचं थोडक्यात. पांढरी, पारदर्शक झालर दिसली तर शेजारी काळी खडबडीत बुरशी शोधा. ट्रेमेला फ्युसिफॉर्मिस त्या काळ्या बुरशीवर जगते. जुन्या फाटकाच्या फटीतून रांगेने आलेले नारिंगी चमचे बहुधा डॅक्रिओपिनॅक्स स्पॅथुलारियाचे. बोट लावताच विरघळणारे पांढरे, काचेसारखे बारीक खांब सेरॅशिओमिक्साचे. ती खरी बुरशीच नाही, श्लेष्मबुरशी आहे, म्हणजे नावात बुरशी असली तरी अमीबासारख्या जीवांचा वेगळाच गट. खाली बारीक छिद्रं असलेला शेंदरी चिवट पंखा पिक्नोपोरस, आणि मधोमध चिरलेल्या पात्यांचा पांढुरका पंखा शिझोफिलम. हे दोन्ही जेलीवाले नाहीत, तरी विचारणारे त्यांतच घोळ घालतात.

राहिलं खाण्याचं. ऑरिक्युलारिया खातात, हे खरं. पण ओंडका कलमाच्या बागेतला असेल आणि खोडकिड्यासाठी खोडात औषध ओतलेलं असेल, तर त्यावरचं काही तोंडात घालू नका. ओळख पक्की झाल्याशिवाय तर नकोच. पाठ आणि पोट असे दोन फोटो शेजारी नाणं ठेवून टाका. कॉर्निया की डेलिकाटाचा गट, एवढं त्यावरून बहुधा ठरेल. दोन्हींत बसलं नाही तर काप घ्यावा लागेल, तेव्हा सुकवलेला एक तुकडा कागदी पाकिटात जपून ठेवा.