एसएसीडी कॉम्प्युटरवर घेताना

कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, साध्या सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या आवाजाची डिस्क) घालून बसू नकोस. हायब्रिड, म्हणजे दोन्ही थर असलेली डिस्क असली तर नुसता सीडीचा थर दिसेल, डीएसडीचा थर (एसएसीडीचा खरा आवाज असतो तो) त्याला वाचताच येत नाही. त्यापेक्षा जुना ओप्पो बीडीपी-१०३ हा ब्लू-रे प्लेअर मिळतो का बघ. तो आणि कॉम्प्युटर एकाच राउटरला जोड, शक्यतो वायरनेच.

पेनड्राइव्ह एफएटी३२ करून ऑटोस्क्रिप्टचं (प्लेअरला डिस्कमधला डेटा कॉम्प्युटरकडे पाठवायला लावणाऱ्या स्क्रिप्टचं) फोल्डर थेट त्यावर ठेव. माझ्या दोन संध्याकाळी इथेच गेल्या: अनझिप करताना फोल्डरात फोल्डर झालं होतं, आणि मी वायरी बदलत बसलो! प्लेअरला पेनड्राइव्ह लावल्यावर ट्रे आपोआप बाहेर आला की स्क्रिप्ट चालली समज. मग कॉम्प्युटरवर आधी आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) काढ, मग त्यातून डीएसएफ (एकेका गाण्याची डीएसडी फाइल). डीएफएफ हा दुसरा फाइल-प्रकार नको, त्यात टॅगचे (गाण्याचं नाव, कलाकार वगैरे माहितीचे) हाल होतात.